सुपात उरलेला चिंचोका

रविवार, १९ फेब्रुवारी १९६१. सकाळी आठ. शब्बाथ शाळा, चर्चचा मागचा व्हरांडा.

हजर: मी. पेटी वाजवायला पाळकीणबाई. पाळकसाहेब, शेवटची दहा मिनिटं. मुलं अकरा. शिवाय बहिणींच्या काखेतून आलेली तीन, ती मी मोजते पण धरत नाही. मुलांची नावं लिहीत नाही. का, ते पुढं येईल.

गैरहजर: मुलगी एक. आणि तुम्ही.

शेवंतामावशी, पाळकसाहेबांनी परवाच्या स्मरणसभेसाठी माझ्याकडून दोन पानं लिहून घेतली. तुमचा जन्म कुठला, किती गावं पायी फिरलात, बायाबापड्यांना पवित्र शास्त्र वाचून दाखवायला कधी लागलात, शब्बाथ शाळा कधी धरलीत, सगळं समास सोडून क्रमानं लिहून दिलं. ऐकून सगळे म्हणाले, छान उतरलंय. वाचता वाचताच मला कळलं होतं की त्या दोन पानांत तुम्ही कुठंच नाही. म्हणून हे वेगळं लिहिते आहे. शाळेच्या वहीच्या मागच्या पानांवर. पुढची पानं आता वहीत नाहीत.

मी दमले आहे, हे आधीच सांगते. आठवडाभर दवाखान्यात दोघींची कामं एकटीनं केली, कारण दुसरी सिस्टर रजेवर आहे. मंगळवारी तुम्ही गेलात. बुधवारी तुम्हाला पोचवून आल्यावर दुपारी तीन ते रात्री अकरा पाळी केली. गुरुवार, शुक्रवार, शनिवार तीन घरांना गेले. आज शाळा. पायाच्या घोट्यांना सूज आहे. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "दुसऱ्याचे पाय बघतीस, सोताचे कवा बघशील?"

गेल्या जूनमध्ये तुमचे गुडघे धरले आणि पाळकसाहेबांनी शाळा माझ्याकडं सोपवली. मी नको म्हटलं नाही. खरं तर मनातून मला बरंच वाटलं होतं. बारा वर्षं मी तुमची शाळा लांबून बघत होते आणि दर रविवारी मनातल्या मनात आवरत होते. मुलं आठला म्हटलं की साडेआठपर्यंत कधीही यायची. पाच वर्षांचं आणि तेरा वर्षांचं एकाच सतरंजीवर. मध्येच कुणाची तरी शेळी पायऱ्या चढून यायची आणि तुम्ही तिलाही "ये, बस" म्हणायचा. आणि हजेरी म्हणजे ते तुमचं सूप.

हे सूप मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला हसूच आलं होतं. दाराशी एक जुनं सूप, त्यात चिंचोके. प्रत्येक मुलाचा एक. पोरांनी आपापला चिंचोका फरशीवर घासून त्यावर स्वतःची खूण केलेली. कुणी एक बाजू पांढरी केली, कुणी टोक उडवलं, कुणी मधोमध चीर पाडली. आलं की सुपातून आपला चिंचोका उचलायचा आणि शेजारच्या मडक्यात टाकायचा. शाळा सुटली की सुपात जे उरलं, ते आलेलं नाही. ते चिंचोके तुम्ही पदराच्या गाठीत बांधायचा आणि दुपारी त्या त्या घरी जायचा. रागवायला नाही. चिंचोका हातावर ठेवायचा, पाणी प्यायचं, चार शब्द बोलायचे, उठायचं. पुढच्या रविवारी पोरगं तो चिंचोका घेऊन यायचं. एकानं आपला चिंचोका भाजून खाल्ला तेव्हा तुम्ही सगळ्यांसमोर त्याला विचारलं होतं, "हाजरी खाल्लीस व्हय रे?" आणि नवा दिला होता. तो आता मोठा झाला, सोलापूरला गिरणीत आहे. तुम्हाला पोचवायला आला होता. खड्ड्यात माती टाकताना त्यानं खिशातून काहीतरी काढून मातीबरोबर टाकलं. काय ते मी बघितलं नाही, पण मला ठाऊक आहे.

तुम्हाला लिहिता-वाचता येत होतं. हीच गोष्ट मला खुपायची. शास्त्र घडाघडा वाचणाऱ्या, गावोगावच्या बायांची पत्रं लिहून देणाऱ्या बाईनं मुलांची हजेरी चिंचोक्यांवर का ठेवावी? मी दरवर्षी विचारलं. तुम्ही दरवर्षी उडवून लावलं. एकदा म्हणालात, "चिंचोक्याला कुणी इचारत न्हाय, तुजा बाप कोण." मला वाटलं, हा तुमचा नेहमीचा विनोद. मी हसले. मावशी, तो विनोद नव्हता, हे कळायला मला यंदाचा जानेवारी उजाडला.

जूनपासून मी काय काय केलं त्याची यादी माझ्याकडं आहे. अर्थात आहे. घंटा आणली. वयाप्रमाणं तीन ओळी केल्या. दर रविवारी नखं आणि डोळे तपासायचे, खरूज दिसली तर दुसऱ्या दिवशी दवाखान्यात बोलवायचं. शास्त्रातलं वचन पाठ झालं की रंगीत चित्राचा तुकडा. आणि लहान भावंडं आणायची नाहीत.

या शेवटच्या नियमानं तीन आठवड्यांत मुली निम्म्या झाल्या. मी तुमच्याकडं आले आणि म्हणाले की मुलींना गोडीच नाही. तुम्ही बाजेवर पडल्या पडल्या शेंगा सोलत होता. म्हणालात, "काख रिकामी करून ये म्हनलीस, तर पोरगी कुटनं येईल? तिची माय रानात गेल्याली असती." मी त्याच रविवारी नियम मागं घेतला. मुली आल्या, काखेतल्यांसकट. तेव्हा मी मनात लिहून ठेवलं होतं की चूक दाखवायची असेल तर ही बाई सरळ दाखवते. म्हणून पुढं जे झालं त्याचा मला तुमच्यावर राग आहे. तो मी लपवणार नाही.

पहिल्या रविवारची आठवण मात्र मला अजून हसवते. मी हरवलेल्या मेंढराची गोष्ट घेतली होती. तयारी करून, तीन मुद्दे काढून. गोष्ट संपली, मी विचारलं, काही शंका? मधल्या ओळीतली एक मुलगी उठली आणि म्हणाली, तो एकाला हुडकाय गेला, तवा बाकीची नव्व्याण्णव कुणाच्या जिवावर होती? माझ्या तीन मुद्द्यांत हे नव्हतं. मी तिला म्हटलं, खाली बस, पुढच्या वेळी सांगते. संध्याकाळी तुम्हाला विचारलं तर तुम्ही पोट धरून हसलात. "कुत्रं असतंय की धनगरापाशी. तुला येवडं सुचलं न्हाय?" आणि मग विचारलंत, कुणी विचारलं हे? मी सांगितलं. तुम्ही मान हलवलीत. म्हणालात, ही पोरगी सातवीच्या फायनलला बसणार आणि पास होणार, बघ.

तीच ती. तिच्या चिंचोक्यावर दोन आडव्या चिरा आहेत. मी तिला इथं दोन चिरांची म्हणेन. तेरच्या बाजूच्या एका गावची. इथं धाराशिवात एका बोर्डिंगात राहायची आणि सातवीत शिकायची.

आता वहीचं.

जुलैत मी वही आखली. तांबड्या शाईनं रकाने. मुलाचं नाव, बापाचं नाव, गाव, शाळा, इयत्ता, बाप्तिस्म्याचं नाव वेगळं असेल तर ते. दाखवायला आणली तेव्हा तुम्ही पानावरून हात फिरवलात, चांगलं कापड बघावं तसा. मग बंद केलीत आणि म्हणालात, "एकदा नाव कागुदावर गेलं की ते आपलं ऱ्हात न्हाय, सुलोचना." मी कारण विचारलं. तुम्ही पोलीस ॲक्शनच्या वर्षाचं सांगितलंत. तेव्हा आधी एका बाजूचे यादी घेऊन गावात यायचे, मग दुसऱ्या बाजूचे यायचे, आणि ज्याचं नाव निघेल त्याचं दार वाजायचं. मी म्हटलं, मावशी, ते निजामाचं राज्य गेलं. आता महाराष्ट्र झाला. आता कागद आपल्या बाजूनं आहेत. मी सूप आणि मडकं तुमच्या खाटेखाली ठेवून आले, आता याचं काम नाही म्हणून. जाताना तुम्ही एवढंच म्हणालात, चिंचोके फेकू नगं.

मला काय माहीत नव्हतं ते सांगते. मी नगरकडची. आमच्याकडं आजोबांपासून ख्रिस्ती. शाळेत, दवाखान्यात, शिधापत्रिकेवर, सगळीकडं एकच नाव, एकच धर्म. इथं तसं नाही. इथं बऱ्याच घरांत रविवारी एक नाव आणि सोमवारी एक नाव. चर्चमध्ये बाप्तिस्म्याचं, शाळेच्या दाखल्यावर जुन्या जातीचं. कारण दाखल्यावर ख्रिस्ती लागलं की सरकारी सवलत जाते, बोर्डिंगातली जागा जाते. नियम मला ठाऊक होता. नियम सगळेच मला ठाऊक असतात. पण माझ्या समोर सतरंजीवर बसलेल्या मुलांच्या तोंडावर तो मी कधी वाचला नाही.

नाताळला वचन-पाठांतराची बक्षिसं होती. कुणाला काय द्यायचं त्याची यादी मी मोठ्या कागदावर काढली. वहीतले सगळे रकाने उतरवले, कारण अर्धी यादी मला बघवत नाही. चर्चच्या दर्शनी भिंतीवर चिकटवली. नाताळच्या चहाला गावातली प्रतिष्ठित माणसं बोलावण्याची आपली पद्धत. त्यात त्या बोर्डिंगचे व्यवस्थापक होते. हातात बशी घेऊन ते यादीपुढं बराच वेळ उभे राहिले. मग मला म्हणाले, नोंदी ठेवाव्यात तर अशा. मला इतका आनंद झाला, मावशी. इतक्या वर्षांत कुणी माझ्या यादीचं कौतुक केलं नव्हतं. मी त्यांना आणखी एक करंजी आणून दिली.

त्या माणसानं वाईट हेतूनं काही केलं असं मी म्हणत नाही. माझ्यासारखाच तो नोंदीचा माणूस. त्याच्या वहीत एक होतं, माझ्या यादीत दुसरं. दोन नोंदी जुळल्या नाहीत तर मीसुद्धा विचारलं असतं.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात दोन चिरांचीला बोर्डिंगातून घरी पाठवलं. बातमी पसरायला एक दिवस लागला. रविवारी आणखी तीन मुलं आली नाहीत. त्यांचं अजून काही गेलं नव्हतं, पण त्यांच्या आया वाट बघत बसणाऱ्या नव्हत्या.

तिचे वडील मुलीची पेटी न्यायला आले होते. जाताना दवाखान्यात डोकावले. मी इंजेक्शनच्या सुया उकळत होते. मला वाटलं, ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. पटका काढून हातात घेतला, दाराशीच उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, तुमचं अक्षर लई देखणं हाय. लांबूनबी वाचता येतंय."

एवढंच. मग नमस्कार करून गेले. माझ्या हातातला चिमटा पाण्यात पडला, तो काढताना बोटं भाजली.

त्या दिवशी संध्याकाळी मी भिंतीवरची यादी काढली. लेई पक्की होती, ओल्या फडक्यानं खरवडून काढावी लागली. वहीतली पानं फाडून दवाखान्यात जिथं पट्ट्या जाळतात तिथं जाळली. पाळकसाहेबांनी अहवालासाठी विचारलं तेव्हा मी संख्या दिली. ते म्हणाले, आणि नावं? मी म्हटलं, संख्या बरोबर आहे. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि विषय सोडला. त्यांना आधीपासून माहीत होतं का? मंडळीत सगळ्यांनाच माहीत होतं का? माझ्याशिवाय? चिकटवलेल्या यादीपुढून पंधरा दिवस सगळे ये-जा करत होते. कुणी म्हणालं नाही की सिस्टर, हे काढा. काहींना वाटलं असेल, एवढी शिकलेली बाई, विचार करूनच लावलं असेल. माझ्या नीटनेटकेपणाचा लोकांना असा धाक होता, हेही मला तेव्हाच कळलं.

पण तुम्ही? तुम्ही मला सरळ का नाही सांगितलंत? काखेतल्या पोरांचं सांगितलंत, मेंढरांच्या कुत्र्याचं सांगितलंत. हे एक वाक्य बोलायला काय झालं होतं? सुलोचना, या पोरांची दोन नावं आहेत. नऊ महिने मी दर रविवारी तुमच्या उशाशी बसले. तुम्ही मला कोड्यात बोलत राहिलात आणि मी विनोद समजून हसत राहिले. या प्रश्नावर मी तुमच्याशी भांडणार होते. मनात भांडण पूर्ण तयार होतं, मुद्द्यांसह.

आता वाटतं, ते गुपित तुमचं नव्हतंच. वीस-पंचवीस घरांनी तुमच्या भरवशावर ठेवलेलं होतं. मला सांगणं म्हणजेसुद्धा ते एका वहीत जाणं. आणि मी वही होते, हे तुम्ही बरोबर ओळखलं होतंत. हे मला पटतं, पण राग जात नाही. दोन्ही बरोबरच राहणार बहुतेक.

भांडण झालं नाही, कारण मी तुम्हाला काही सांगितलंच नाही. जानेवारीपासून दर रविवारी तुम्ही विचारायचा, "किती ऱ्हायले?" आणि मी म्हणायचे, सगळे आले, मावशी. तुमचं हृदय थकलं होतं, पायावर सूज होती, तुम्हाला धक्का नको, असं मी स्वतःला बजावत होते. सिस्टर म्हणून ते योग्यच होतं. पण खरं कारण ते नव्हतं. मला तुमच्यापुढं चुकलेली दिसायचं नव्हतं.

मागच्या रविवारी, बारा तारखेला, मी तुमचं अंग पुसत होते. पाठ झाली, हात झाले. तुम्ही विचारलंत, किती ऱ्हायले? मी म्हटलं, सगळे आले. तुम्ही डोळे मिटले. मग पदराची गाठ चाचपून मला म्हणालात, सोड ही. माझ्या ओल्या हातांनी ती सुटेना. दातांनी सोडली. आत चार चिंचोके होते, न येणाऱ्या चौघांचे. एक अर्धा पांढरा, एक टोक उडवलेला, एक चौकोनी घासलेला, आणि एक दोन चिरांचा.

पोरं तुमच्याकडं येत होती, हे मला कसं सुचलं नाही? शाळेत येत नव्हती, पण तुमच्या अंगणात येत होती. तुम्हाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. दर रविवारी मी खोटं बोलत होते आणि तुम्ही ते ऐकून घेत होता, आणि पुढच्या रविवारी पुन्हा विचारत होता. मला संधी देत होता, हे आज कळतंय.

मी बोलायला लागले. व्यवस्थापक, नाताळ, यादी, माझा हेतू, सगळं एकदम. तुम्ही माझ्या मनगटावर हात ठेवलात. "दुपारच्याला जा. सकाळी मान्सं रानात असत्यात." आणि थोड्या वेळानं, "वही नगं नेऊस." मग तुम्हाला झोप लागली. मी पांघरूण घातलं, औषधाची वेळ कागदावर लिहून उशाशी ठेवली आणि दवाखान्यात गेले. माफ करा, हा शब्द मी म्हटला नाही. मला वाटलं, उद्या म्हणेन. सोमवारी पाळी होती. मंगळवारी दुपारी तुम्ही गेलात. औषधाच्या वेळेचा माझा कागद तेवढा उशाशी होता, पुढच्या तीन दिवसांच्या वेळा लिहिलेला.

तुम्ही सांगितल्याप्रमाणं दुपारी गेले. गुरुवारी अर्ध्या पांढऱ्याच्या घरी. त्याची आई भाकरी थापत होती, तिनं मान वर केली नाही. मी चिंचोका पुढं केला. पिठाचा हात तसाच पुढं करून तिनं तो घेतला आणि दिवळीत ठेवला, दिव्याशेजारी. मी पाणी मागितलं. मावशी, मागून पाणी पिणं मला किती अवघड गेलं, तुम्हाला काय सांगू. मी दुसऱ्याला देणारी. तिनं तांब्या दिला. आणि ती पुन्हा भाकरीकडं वळली. मी उठले तेव्हा म्हणाली, आज्जी गेल्या, तर तुम्ही येऊ लागला व्हय.

शुक्रवारी टोक उडवलेल्याच्या घरी तो स्वतःच दारात होता. चिंचोका हातातून हिसकावून पळाला, बाकी कुणी घरात नव्हतं. शनिवारी चौकोनीच्या घरी त्याच्या आज्जीनं आधी माझे हात बघितले. म्हणाली, पिशवी उघडा. उघडली. आत डोक्याचा रुमाल, तापमापक आणि दोन केळी. वही न्हाय ना? नाही. मग बसा. तिथं मी अर्धा तास बसले. तिनं तिच्या गुडघ्यांचं सांगितलं, मी तुमच्या गुडघ्यांचं सांगितलं. मी काही समजावलं नाही. कुणी काही विचारलंही नाही. तुम्ही दर आठवड्याला हेच करत होता, पायी, सत्तरीपर्यंत. हे काम मी गोड बोलणं आणि वेळ घालवणं समजत होते.

आज सकाळी मी खाटेखालचं सूप आणि मडकं तुमच्या घरून आणलं. सुपावरची धूळ झटकली, दोन चिरांचा चिंचोका त्यात ठेवला. मुलांनी सूप बघितलं आणि गलका झाला. ज्यांचे चिंचोके हरवले होते त्यांनी नवे फरशीवर घासायला घेतले. पहिला अर्धा तास त्यातच गेला, वचन राहिलं. घंटा वाजवायची राहिली. आठ वाजून वीस मिनिटांनी तिघं आले, एकामागून एक, मुठी मिटून. मडक्यात तीनदा टक् वाजलं. मी पाठमोरी झाले आणि पाळकीणबाईंना म्हटलं, गाणं घ्या. त्यांनी सूर चुकीचा लावला, तेही बरं झालं, सगळे हसले.

दोन चिरांचीच्या वडिलांना मी जानेवारीतच पत्र घातलं होतं. स्वच्छ अक्षरात. माझ्या दोन खोल्या आहेत. मी एकटी आहे. मुलीनं माझ्याकडं राहावं, बोर्डिंगची गरज नाही, शाळेत नाव अजून आहे, सातवीची परीक्षा दोन महिन्यांवर आली आहे. उत्तर आलं नाही. का येईल? ज्या हातानं नाव भिंतीवर गेलं, त्याच हाताचं पत्र. ऐकलं ते असं की ती सध्या ज्वारीच्या काढणीला जाते. तिच्या शाळेतल्या बाई म्हणतात, महिनाअखेरपर्यंत आली तर तिचा अभ्यास भरून निघेल. नंतर मग अवघड.

आज शाळा सुटल्यावर सूप बघितलं. एकच उरला होता. दोन चिरांचा. मी तो पदराच्या गाठीत बांधला. तुमच्यासारखी गाठ येत नाही, मी पट्टी बांधतात तशी बांधते. दुपारी एसटी स्टँडवर गेले. तेरची गाडी अडीचला. तिथून पुढं कोसभर चालायचं. बाकावर बसून मी काय बोलायचं ते एका कागदावर लिहायला लागले. पहिलं, चूक माझी. दुसरं, परीक्षेची तारीख. तिसरं, राहण्याची सोय. पाच मुद्दे झाले. मग माझं माझ्याच हाताकडं लक्ष गेलं. त्या माणसाच्या दारात पुन्हा मी कागद घेऊन उभी राहणार होते. कागद फाडला. आणि कागद नसताना काय बोलायचं ते मला येईना. गाडी लागली, माणसं चढली, कंडक्टरनं माझ्याकडं बघून दोनदा विचारलं, येताय का बाई? मी बाकावरच राहिले. गाडी गेली.

तुम्ही असतात तर म्हणाला असतात, काय बोलायचं असतंय त्यात, चिंचोका हातावर ठिवायचा, पानी प्यायचं. तिसऱ्या घरापर्यंत मला ते जमलं. चौथ्या घरातून माझ्यामुळं काहीतरी खरंच गेलेलं आहे, आणि तिथं पाणी मिळेल की नाही हेही ठाऊक नाही.

उद्याची पाळी बदलून घेतली आहे. सूज उतरावी म्हणून पाय मिठाच्या पाण्यात घातले आहेत. पिशवीत पेन ठेवलेलं नाही. चिंचोका अजून गाठीत आहे आणि तेरची गाडी अडीचला सुटते.